बाबांच्या ४१ वह्या, तीन ट्रंका आणि टिळकवाडीतलं स्कॅनिंगचं दुकान

आधी कामाचं सांगते. बेळगावात टिळकवाडीत पहिल्या रेल्वे गेटच्या अलीकडं, पहिल्या मजल्यावर एक दुकान आहे, जुने कागद, वह्या, फोटो, कात्रणं स्कॅन करून देतात. मी बाबांच्या ४१ वह्या आणि तीन ट्रंका भरून कात्रणं दिली होती. वहीच्या पानाला ४ रुपये, फोटोला १५, सगळं मिळून बिल जवळजवळ १९ हजार झालं. तीन आठवडे म्हणाले होते, सहा लागले. तरी माझ्याकडून पाचपैकी पाच स्टार, आणि ते का ते नीट सांगायचंय म्हणून एवढं मोठं लिहितेय, वेळ असेल तर वाचा.

बाबा म्हणजे बेळगावच्या एका मराठी दैनिकात १९७४ पासून २०११ पर्यंत क्रीडा बातमीदार. आता पंच्याहत्तरीला टेकलेत. त्या काळात क्रीडा बातमीदार म्हणजे सगळंच, कुस्तीच्या मैदानाला तेच, शाळांच्या खो-खोला तेच, टेलिप्रिंटरवर रात्री क्रिकेटचा स्कोअर आला की भाषांतर पण तेच आणि छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्याच्या डोक्यावर उभं राहून मथळा बसवायचा तो पण त्यांनीच. मराठी पेपरात खेळाचं स्वतंत्र पान ही गोष्टच वि. वि. करमरकरांनी मुंबईत रुजवली, आणि ते बघून आमच्याकडं पण पान पाहिजे म्हणून बाबा संपादकांच्या मागं लागलेले, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. प्रत्येक वर्षाची एक वही, काही वर्षांच्या दोन. कापडी पुठ्ठ्याच्या, गणपत गल्लीतून आणलेल्या.

आता बेळगावचा पाऊस तुम्हाला सांगायला नको. चार महिने भिंतींना ओल. ट्रंकेत डांबराच्या गोळ्या घातल्या, कडुलिंबाचा पाला घातला, तरी कसर लागलीच, आणि पेपरचा कागद तसा पण टिकत नाही, पिवळा होत होत शेवटी बिस्किटासारखा तुटायला लागतो. दोन वर्षांपूर्वी मी एका दुसऱ्या दुकानात (नाव घेत नाही) दोन वह्या दिल्या होत्या, त्यांनी मला न विचारता वह्यांची शिवण कापली, सुटी पानं मशीनमधून भराभर ओढली आणि रबरबँड लावून परत दिली. सात पानं फाटली. बाबा काही बोलले नाहीत, ती पानं चिकटवत बसले रात्रभर. त्यानंतर मी कुणाकडंच द्यायला तयार नव्हते.

इथं पहिलाच फरक तो. वही उघडून व्ही आकाराच्या पाळण्यात ठेवतात, वरून कॅमेरा, वहीला दाब नाही, शिवणीला हात नाही. कात्रणं ३०० डीपीआयला, फोटो ६०० ला. मी विचारलं की सगळंच ६०० ला का नाही, तर त्यांनी सरळ सांगितलं की छापलेल्या मजकुराला गरज नाही, फाईल उगाच मोठी होते आणि तुमचे पैसे जातात. पेपरातले जुने फोटो ठिपक्या-ठिपक्यांचे असतात त्याला वेगळं सेटिंग लागतं, नाहीतर जाळी दिसते, ते पण करून दिलं. एवढी माहिती असलेला माणूस मला तरी बेळगावात दुसरा भेटला नाही.

काम करणारा पोरगा बैलहोंगलकडचा, घरात कन्नड, मराठी आपल्यासारखंच बोलतो. पहिल्या दिवशी १९७७ ची वही उघडली आणि म्हणाला, "अक्का, ह्यात माती हाय की." खरंच होती. पानांच्या बेचक्यात लाल माती, अजून तेलकट. मी पुसायला लागले तर बाबा जवळजवळ ओरडले, "हात लावू नको!" ती माती बिराजदार-सतपाल कुस्तीची.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, १९७७ साली आपल्या बेळगावात हरिश्चंद्र बिराजदार आणि दिल्लीचा सतपाल यांची कुस्ती झाली आणि बिराजदारांनी ती मारली. सतपाल म्हणजे पुढं १९८२ च्या दिल्ली एशियाडला सोनं घेतलेला, आणि सुशीलकुमारचा गुरू तो हाच. आणि बिराजदार लातूर भागातले, १९७० च्या एडिंबरा राष्ट्रकुलला सुवर्ण, १९७२ ला रुस्तम-ए-हिंद, नंतर पुण्यात गोकुळ वस्ताद तालमीत बसून पोरं घडवली, २०११ मध्ये गेले. बेळगावात साठी ओलांडलेल्या कुणालाही विचारा, मी तिथं होतो म्हणतो. बाबा मात्र खरंच होते. वहीत त्या दिवशीची दोन पानं आहेत, आधी जोडीची नावं, कुणाची कुस्ती कुणाशी, पंच कोण, निकाल काय, असं शिस्तीत चाललंय, आणि मग मोठ्या कुस्तीच्या जागी फक्त नावं लिहिलीत आणि खाली पेन्सिलीची एक वाकडी रेघ. बस. पुढं काही नाही.

बैलहोंगलच्या पोरानं विचारलं, "अज्जा, इथं काय लिवलंयसा? वाचता येईना झालंय."

बाबा म्हणाले, "तम्मा, तिथं काही लिहिलेलंच नाही. लोक उठले, मी उठलो, हातातली पेन्सिल कागदावरच होती. ती रेघ तेवढी राहिली."

पोरानं काय करावं, त्यानं मोबाईलवर रेकॉर्डिंग चालू केलं आणि म्हणाला परत सांगा, मी ह्या पानाच्या नंबरनं सेव्ह करतो. हे त्यांच्या रेटकार्डात नव्हतं. तिथून पुढं हाच रिवाज झाला, जिथं अक्षर लागत नाही किंवा पेन्सिल पुसलीय तिथं बाबांनी वाचायचं, त्यानं रेकॉर्ड करायचं, पानाला आणि आवाजाला एकच नंबर. आज माझ्याकडं वहीची पीडीएफ आहे आणि तिच्या शेजारी बाबांचा आवाज आहे, ६३ फाईली. त्याचे वेगळे पैसे मालकांनी घेतले नाहीत, मी दोनदा विचारलं. कुंद्याच्या मिठाईचा डबा तेवढा घेतला.

(त्या पोराचा आजोबा पण पैलवान होता, त्यांच्यात तालमीला गरडी मनी म्हणतात. बाबांनी ते लगेच ४१ नंबरच्या वहीत मागच्या पानावर लिहून घेतलं.)

आता वह्यांतलं थोडं सांगते, कारण त्याशिवाय हा रिव्ह्यू अर्धा आहे. आणि आमच्या सीमाभागातल्या माणसाला खेळ कसा दिसला ते बाहेर फार कुणाला माहीतच नाही असं मला वाटतं.

पहिलीच वही, मार्च १९७४. रणजी सेमीफायनल, बेंगळुरूला कर्नाटक विरुद्ध मुंबई. मुंबईनं लागोपाठ पंधरा वर्षं रणजी जिंकलेली. म्हैसूर राज्याचं नाव कर्नाटक होऊन चारच महिने झालेले, आणि इकडं सीमाप्रश्न पेटता. गल्लीत रेडिओभोवती निम्मी माणसं गावसकर-वाडेकरसाठी बसलेली आणि निम्मी तोंड न उघडता विश्वनाथसाठी. विश्वनाथ आणि ब्रिजेश पटेल दोघांनी शतकं मारली, मग प्रसन्नानं गावसकरला बोल्ड काढलं आणि वाडेकर पाय घसरून रनआऊट झाला, मुंबई गेली, कर्नाटक पुढं पहिल्यांदा रणजी जिंकलं. बाबा तेव्हा बावीस वर्षांचे, नोकरीला लागून महिना पण झाला नव्हता. वहीत लिहिलंय, "वाईट वाटलं. पण प्रसन्नाचा तो बॉल." एवढंच. त्या एका ओळीत आमचं सगळं आलं. आम्ही हिशेबानं कर्नाटकचे, मनानं मुंबईचे, आणि चांगला बॉल पडला की नुसते क्रिकेटचे. जानेवारी २०१० ची वही बघितली तर तीच गंमत उलटी, म्हैसूरला फायनल, मनीष पांडेचं १४४ आणि मुंबई फक्त ६ धावांनी जिंकली. तिथं बाबांनी लिहिलंय, "पांडेसाठी वाईट वाटलं." छत्तीस वर्षांत माणूस किती सरकला बघा.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो १९८४ च्या वहीवर. ऑगस्ट महिना. डाव्या पानावर ९ तारीख, लॉस एंजलिसची बातमी, पी. टी. उषा ४०० मीटर हर्डल्समध्ये चौथी, ब्राँझ सेकंदाच्या शंभराव्या भागानं गेलं. बाबांनी ५५.४१ आणि ५५.४२ असे दोन आकडे एकाखाली एक लिहून मधल्या फरकाला गोल केलाय. आणि समोरच्या उजव्या पानावर १५ ऑगस्ट, खाशाबा जाधव अपघातात गेले, आदल्या दिवशी.

मी ती दोन पानं स्क्रीनवर शेजारी शेजारी बघितली तेव्हा मला पहिल्यांदा कळलं. ऑलिंपिक १२ ऑगस्टला संपलं, भारताला एक पण मेडल नाही. आणि दोनच दिवसांनी तोपर्यंतचा स्वतंत्र भारताचा एकुलता एक वैयक्तिक मेडलवाला माणूस कराडजवळ रस्त्यावर गेला. १९५२ हेलसिंकी, कुस्तीत बँटमवेट, ब्राँझ. त्याच्या आधी १९४८ ला लंडनला सहावा. हेलसिंकीला जायला पैसे नव्हते तर कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्रिन्सिपल खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार दिले. पुढचं वैयक्तिक मेडल यायला १९९६ उजाडावं लागलं, लिअँडर पेस. खाशाबांना अर्जुन पुरस्कार मिळाला तो पण मरणोत्तर. खाशाबांचं गाव गोळेश्वर आपल्या हायवेवरच आहे, बेळगावहून पुण्याला जाताना कराड लागतं तिथं, आपण किती वेळा गेलोय त्या रस्त्यानं.

त्या पानावर एक चौकट आखलीय आणि चौकट रिकामी आहे. बाबांनी रेकॉर्डिंगमध्ये सांगितलं की खाशाबांचा फोटो त्यांना हवा होता, ऑफिसात फोटो छापायचा ब्लॉक नव्हता, कोल्हापूरहून मागवायला वेळ नव्हता, दुसऱ्या दिवशी बातमी बिनफोटोची गेली, आतल्या पानावर, तीन कॉलम सुद्धा नाही. हे सांगताना त्यांचा आवाज बसला. पोरानं मशीन थांबवलं, खाली जाऊन चहा आणला. त्या दिवशी पुढं काम झालं नाही, मी पण जोर केला नाही.

आणि एक गोष्ट, जी मी लिहू का नको असा विचार करत होते, पण बाबांनीच लिही म्हटलं. १९८३ चा वर्ल्डकप. आमच्या घरात कपिलच्या १७५ ची गोष्ट म्हणजे देव्हाऱ्यातली गोष्ट. झिंबाब्वेविरुद्ध १७ वर ५ गेले होते, १८ जून, टनब्रिज वेल्स, बीबीसीच्या संपामुळं त्या मॅचचं शूटिंगच नाही. बाबा सांगायचे, आम्ही सगळे ऑफिसात टेलिप्रिंटरभोवती उभे होतो, एकेक आकडा येत होता, खिळे जुळवणारे पण काम सोडून आलेले. मी माझ्या पोरांना पण अशीच सांगितलीय ही गोष्ट. वही उघडली तर १८ जूनच्या खाली लिहिलंय, "खानापुरात अडकलो. पाऊस. शेवटची बस गेली." आणि १९ ला, "ऑफिसात सकाळी कळलं. कपिल नाबाद १७५. २६६ ला ८. जिंकलो."

बाबा बराच वेळ त्या पानाकडं बघत बसले. मग म्हणाले, "मग मी चाळीस वर्षं काय सांगत होतो?" मला वाटलं नंतर सात दिवसांनी फायनल झाली, १८३ वर ऑलआऊट होऊन वेस्ट इंडिजला १४० ला गुंडाळलं, त्या रात्रीचं हे चित्र त्यांच्या डोक्यात आधीच्या मॅचला चिकटलं असणार. बाबांना ते पटलं पण आणि नाही पण. त्यांनी पोराला रेकॉर्डिंग चालू करायला सांगितलं आणि स्वच्छ आवाजात बोलले, "वहीत आहे ते खरं. मी तोंडी सांगत आलो ते चूक. पुढं कुणी लिहिलं तर वहीतलं लिहा." ज्या मॅचचं जगात कुठं शूटिंग नाही त्या मॅचबद्दल तरी खोटं राहू नये, असं ते घरी येताना रिक्षात म्हणाले. माझे बाबा असे आहेत.

कात्रणांत तर काय काय निघालं. आजोबांनी जपलेलं डिसेंबर १९४८ चं, कोल्हापूरच्या भाऊसाहेब निंबाळकरांचे काठेवाडविरुद्ध पुण्यात नाबाद ४४३, ब्रॅडमनच्या ४५२ ला नऊ कमी, आणि समोरच्या संघानं पुढं खेळायलाच नकार दिला. हा माणूस एक पण टेस्ट खेळला नाही. एकसंब्याचे, म्हणजे आपल्या चिकोडी तालुक्यातले श्रीपती खंचनाळे, १९५९ चे पहिले हिंदकेसरी, त्यांच्यावरची अख्खी एक पिशवी. टोकियो १९६४ च्या हॉकी सुवर्णाची, पाकिस्तानला १-० हरवलं ती, कारण त्या संघात आपले बेळगावचे बंडू पाटील होते आणि बाबांचं म्हणणं की बेळगावातल्याच पोरांना हे नाव माहीत नाही. रिटायर झाल्यावरची पण आहेत, तुरमुरीच्या मलप्रभा जाधवनं २०१८ ला जकार्ता एशियाडला कुराशमध्ये (कुस्तीसारखाच खेळ) ५२ किलोत ब्राँझ घेतलं ते चार वेगवेगळ्या पेपरांतलं. आणि जून २०१९ चं तिकिटाच्या पाठीवरचं टिपण, ऑटोनगरच्या स्टेडियमवर भारत अ आणि श्रीलंका अ, ऋतुराज गायकवाड नाबाद १८७, १३६ बॉलमध्ये. बाबा तेव्हा साध्या प्रेक्षकांत बसलेले, तरी लिहून आणलं. "ह्याचा कव्हर ड्राइव्ह लक्षात ठेवा," असं खाली.

आता दुकानाच्या उण्या बाजू, त्या पण सांगते.

उशीर झाला हे वर लिहिलंच आहे. त्याहून मोठी अडचण म्हणजे जिना. उभा आहे आणि कठडा एकाच बाजूला, बाबांचे गुडघे गेलेले, प्रत्येक खेपेला वर जायला दहा मिनिटं. म्हाताऱ्या माणसांचेच कागद जास्त येणार तुमच्याकडं, तर खाली एक टेबल-खुर्ची टाकता आली तर बघा. फाईलींची नावं पहिल्यांदा नुसते आकडे टाकून दिली होती, ०००१ ते ४ हजार काहीतरी, त्यात काय शोधणार. मी वर्ष आणि वही नंबर घालून द्या म्हटलं, चार दिवसांत सगळं बदलून दिलं, कुरकुर नाही. आणि ते सर्चेबल म्हणतात ना, शब्द टाकला की सापडतो, ते छापील कात्रणांवर बऱ्यापैकी चालतं पण जुन्या खिळ्यांच्या अक्षरात गडबड करतं. 'कुस्ती'चं 'कुरती' केलंय कितीतरी ठिकाणी, त्यामुळं मी आता दोन्ही शब्द टाकून शोधते. हाताने लिहिलेल्या वह्यांवर ते चालत नाही, तशी अपेक्षा ठेवून जाऊ नका. त्यांनी मला आधीच सांगितलं होतं, फसवलं नाही.

देणार असाल तर घरून निघताना वह्यांवर नंबर घाला, पावतीवर एकेक वही लिहून घ्या (ते स्वतःच लिहितात), आणि पेन ड्राइव्हवर एक आणि हार्ड डिस्कवर एक अशी दोन कॉपी मागा, दुसरीचे फक्त ड्राइव्हचेच पैसे लागतात. मूळ वह्या त्यांनी ब्राऊन पेपरच्या पाकिटात घालून परत दिल्या. १९७७ च्या वहीतली माती जशीच्या तशी आहे, तिच्यावरून ब्रश फिरवला नाही, पाकिटावर पोरानं मराठीत आणि कन्नडमध्ये दोन्हीकडं लिहिलंय, झाडू नये.

अजून ११ पानं राहिलीत, १९९३ च्या वहीतली, पाणी लागून शाई पसरलेली. मला एक अक्षर लागत नाही. बाबा म्हणतात लागेल, दुपारच्या उजेडात लागेल. येत्या शनिवारी साडेतीनची वेळ घेतलीय, मालक म्हणालेत की दोघं मिळून खुर्चीवरून वर आणू.